मधली खुर्ची

सभा कुणाचीही असो, पाहुणे यायच्या आधी आमचे मंडपवाले काका स्टेजवर चढायचे आणि मधल्या खुर्चीत बसायचे. नुसते टेकायचे नाहीत, चांगली पाठ लावून, हात दोन्ही बाजूंना ठेवून बसायचे. समोरच्या रिकाम्या मंडपाकडे बघत म्हणायचे, "खुर्ची सगळ्यांची असती. आधी मी बसतुया, मंग ज्याला बसायचं त्यानं बसावं." पाहुण्यांची गाडी दिसली की उठायचे, खांद्यावरच्या टॉवेलने खुर्ची पुसायचे आणि खाली उतरायचे.

घोटावड्याच्या रस्त्याला माझा फोटो स्टुडिओ आणि शेजारी त्यांचं मंडपाचं गोदाम. लग्न, बारसं, सभा, दहावा, जिथे त्यांचा मंडप तिथे माझा कॅमेरा. एकाच टेम्पोतून जायचो. एव्हाना मुळशीतल्या सगळ्या मंडपवाल्यांनी पुढाऱ्यांसाठी सोनेरी काठांचे सोफे आणले होते. काकांकडे एकच सोफा होता आणि तो फक्त लग्नात निघायचा. "नवरानवरीला बसू दे, त्यांचं एका दिवसाचं राज्य असतंय. सभंला सोफा न्हाई," ते सांगायचे. एकदा एक कार्यकर्ता तावातावाने म्हणाला, "साहेब काय प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसनार व्हय?" काका दोरी आवळत म्हणाले, "मतं मागाया येत्यात तवा आमच्या वट्यावर बसत्यात की."

वरच्या आळीचे आण्णा एकदा लवकर आले आणि काका मधल्या खुर्चीत सापडले. आण्णांनी विचारलं, "काय, सभापती झालास व्हय?" "न्हाई आण्णा, ट्रायल घेतुया. मोडली तर मी पडन, तुमी नगं." आण्णा मोठ्याने हसले, म्हणून मागचे सगळे हसले.

आता हे आण्णा कोण, ते सांगायला हवं. आमच्या गावात पक्ष किती, असं विचारू नका. घरं दोन. वरच्या आळीचे आण्णा, खालच्या आळीचे तात्या. यांचे आजे सोसायटीसाठी भांडले, बाप पंचायत समितीसाठी, आणि हे दोघे दिसेल त्या खुर्चीसाठी. झेंडे कितीदा बदलले. एका निवडणुकीत तर दोघांनी एकमेकांचे जुने पक्ष घेतले. कार्यकर्त्यांनी गळ्यातली उपरणी बदलली आणि शिव्या त्याच ठेवल्या. याला आम्ही लोकशाही म्हणायचं आणि बोटाला शाई लावून यायचं. मला याचा संताप येतो, आणि तो झाकून लिहायचं माझ्या मनात नाही.

ग्रामपंचायतीच्या निकालाच्या दिवशी गुलालात मारामारी झाली. दोन्हीकडची डोकी फुटली, दोन्हीकडून केस झाल्या. काकांचा मुलगा आण्णांच्या मिरवणुकीत होता. आण्णांचा मुलगाही होता, पण गाडीत, काच वर करून. केसमध्ये नावं आली ती टेम्पो चालवणाऱ्यांची, दूध घालणाऱ्यांची, काकांच्या मुलाची. त्याला माणच्या एका कंपनीत नोकरी लागत होती. पोलिसांच्या पडताळणीत केस निघाली आणि नोकरी गेली. ज्यांच्यासाठी त्याने दगड उचलला, त्यांनी त्याला साधा वकील दिला नाही. पोरगा मुकाट्याने बापाबरोबर खांब उभे करायला लागला.

तेव्हापासून काकांना दुसरं काही सुचेना. सकाळी वरच्या आळीला, संध्याकाळी खालच्या. "भांडान मिटवा. पोरं आमची हायेत," एवढंच बोलायचे. एका दारात चहा मिळायचा, दुसऱ्या दारात तोही नाही. अशी चार वर्षं गेली, पुढची निवडणूक जवळ आली. शेवटी त्यांनी दोन्हीकडच्या पोरांच्या आयांना खंडोबाच्या देवळात आणून एका सतरंजीवर बसवलं. त्या बायका आधी पाठी फिरवून बसल्या होत्या. मग एकीने विचारलं, "तुजा लेक कुटं कामाला हाय आता?" दुसरी म्हणाली, "कुटं न्हाई. तुजा?" "माजा बी न्हाई." त्यानंतर त्या देवळातून हलल्याच नाहीत. आण्णा-तात्यांना यावं लागलं.

देवापुढचा भंडारा उचलून दिलेला शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही. दोघांनी भंडारा उचलला. दोन्हीकडचे फिर्यादी कोर्टात समेट सांगतील आणि येत्या निवडणुकीला दोन्ही घरांतलं कुणी उभं राहणार नाही. काकांचं कपाळ पिवळंधमक झालं होतं. मला म्हणाले, "फोटू काड आमचा. पुना असं दिसनार न्हाई." तो फोटो स्टुडिओत अजून आहे. त्यात काका हसताना लहान मुलासारखे दिसतात.

काही महिन्यांत पत्रिका आली. आण्णांचा मुलगा, तात्यांची मुलगी.

गाव हरखून गेलं. आधी केशी मिटवा म्हणत काकांनी मंडप घालायला नकार दिला, तर पुण्याची इव्हेंट कंपनी आली. लवासाच्या वाटेवरच्या लॉनवर लग्न झालं. आण्णांनी माइकवरून काकांना वर बोलावलं, शाल घातली, नारळ दिला. "ह्या मानसामुळं दोन घरं एक झाली!" टाळ्या पडल्या. काकांनी माइक हातात घेतला आणि विचारलं, "पोरांच्या केशीचं काय झालं?" माइक बंद पडला. लगेच बँड सुरू झाला. मी खालून कॅमेरा धरून उभा होतो. काकांचे ओठ अजून हलत होते. मग त्यांनी शाल घडी करून सोफ्याच्या हातावर ठेवली आणि उतरले.

निवडणुकीला नवी सूनबाई उभी राहिली. भंडाऱ्याची आठवण काढली तर आण्णा म्हणाले, "दोन घरांचा शब्द हुता. आता घर एकच हाय." वाडीवरच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईने काकांच्या भरवशावर अर्ज भरला होता. मागे घ्यायच्या दिवशी तिला न्यायला दोन्ही आळ्यांच्या गाड्या एकत्र आल्या. निवडणूक बिनविरोध झाली. पेपरात 'आदर्श गाव' म्हणून बातमी आली. केस मात्र चालूच आहेत. तारखेला दोन्हीकडची पोरं एकाच मोटारसायकलवर कोर्टात जातात, कारण पेट्रोल परवडत नाही.

"पोरांसाठी मिटवा म्हनलो," काका गोदामात बसून म्हणाले. "ह्यांनी सोतासाठी मिटवलं. भांडत हुते तवा निदान मतं मागाया तरी येत हुते." त्यानंतर त्यांनी कुणाच्याही सभेचा मंडप घातला नाही. एके दिवशी ताडपत्रीची घडी घालताना बसले ते उठले नाहीत. डॉक्टरांनी हार्ट सांगितलं. डॉक्टरांना काय, त्यांनी तेवढंच तपासलं.

शोकसभा पंचायतीने ठेवली. म्हणजे आण्णा-तात्यांनीच. ज्या माणसाने जन्मभर सभेला सोफा दिला नाही, त्याच्या फोटोशेजारी तीन सोनेरी सोफे मांडले होते. मी तिथेच ओरडणार होतो. तेवढ्यात काकांचा मुलगा आला. कुणाला काही न विचारता त्याने सोफे ओढत मंडपाबाहेर नेले. टेम्पोतून खुर्च्या आणून ओळीत लावल्या. मग वर चढला आणि मधल्या खुर्चीत बसला. पाठ लावून, हात दोन्ही बाजूंना ठेवून.

गाड्या आल्या. आण्णा, तात्या आणि मागून सरपंच सूनबाई हार घेऊन वर आले. खालून कुणीतरी म्हणालं, "ऊठ की रं, पाव्हनं आल्यात."

काका अशा वेळी नेहमी उठायचे. टॉवेलने खुर्ची पुसून द्यायचे.

तो उठला नाही. मागच्या रांगेत तारखेला जाणारी दोन्हीकडची पोरं होती, ती येऊन त्याच्या डाव्याउजव्या खुर्च्यांवर बसली. आण्णा-तात्या हार हातात घेऊन उभेच राहिले. मी फोटो काढला.