आत्याचं टॉनिक

ओल्या लोखंडाचा वास आला की मला नोएडातल्या आमच्या नव्या घराचा बोअर आठवतो. नव्वदचं दशक होतं, सेक्टर नुकता वसत होता आणि सरकारी नळ आला नव्हता. बोअरचं पाणी उपसताना स्वच्छ दिसे, पण तासाभरात पिवळं पडे आणि चहा तर शाईसारखा काळा होई. दिल्लीत आर. के. पुरमला राहणारी आत्या पहिल्यांदा आली तेव्हा कपात बघून म्हणाली, “हा काय काढा?” प्लॉट बाबांनीच निवडलेला. ते घाईघाईने म्हणाले, “ताई, पाण्यात लोह आहे, रक्त वाढतं!” आत्याला कायमचा अशक्तपणा. ती दर रविवारी बसने कॅन घेऊन येऊ लागली. येताना त्यात आईच्या वरणासाठी तिच्या नळाचं पाणी असे, जाताना आमचं. शेवटी आईने हट्टाने पाणी तपासून घेतलं. जंतू नव्हते, लोहच भरपूर होतं. मग बाबांनी गच्चीवर भोकं पाडलेला पाइप आणि त्याखाली खडी-वाळूचं पिंप बसवलं. पाणी धारांनी वाळूवर पडे, हवा लागून लोहाचा गंज होई आणि तो वरच अडके. पुढच्या रविवारी आत्याने एक घोट घेतला. “अरे, यातली ताकदच गेली!” बाबा कॅन घेऊन फिल्टरच्या आधीच्या नळाकडे गेले. परवा माझ्या फ्लॅटमध्ये फिल्टरवाला सांगत होता, “मॅडम, ये मशीन सारे मिनरल निकाल देती है. वापस डालने का कार्ट्रिज अलग से लगेगा.” मी इतकी हसले, की तो बिचारा आपणहून किंमत कमी करायला लागला.