महाशिवरात्रीची रताळी

श्रद्धेचा तब्येतीशी काय संबंध आहे, ते मोजायचं काम मी करते. हे सांगितलं की लोक जरा संशयानं बघतात आणि त्यांचं चुकतही नाही. टॅब घेऊन इंदापूर तालुक्यातली गावं फिरायची, रक्तदाब बघायचा आणि मग विचारायचं : देवळात किती वेळा जाता? उपवास करता का? संकटात देव पाठीशी आहे असं वाटतं का? उत्तरं ठरलेली, 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत. पळसदेवचे एक तात्या देवळाच्या प्रश्नावर म्हणाले, "धरणाचं पाणी उतरंल तवा." त्यांचं जुनं देऊळ उजनीच्या पाण्याखाली असतं. मी 'कधीतरी' निवडलं. "आन् पानी असताना मनातनं रोज जातो, त्ये कुठं ल्हिनार?" त्याला जागा नव्हती. हसून पुढच्या घरी गेले.

आमचं घर सांगवीचं. माझ्या वडिलांच्या, आबांच्या, दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि बारामतीला डायलिसिस चालू होतं. आई पथ्याला फार कडक. भाजी उकळून वरचं पाणी ओतून द्यायची, बटाटा-केळं घरात येऊ द्यायची नाही, आबांचं प्यायचं पाणीसुद्धा मापानं द्यायची. आबा चिडायचे. "मालक हाय का कैदी हाय मी ह्या घरात?" म्हणायचे आणि पुढ्यात आलेलं निमूट गिळायचे.

पण उपवास त्यांनी सोडला नव्हता. गेल्या वर्षीच्या महाशिवरात्रीला आईनं रताळी उकडली, खजूर काढला, केळी आणली, शहाळं फोडलं. पथ्य जेवणाला, फराळ देवाचा, तो बाधेल कसा? आमच्याकडे कुणालाही विचारा, हेच सांगतील. मी त्या दिवशी कामावर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी डायलिसिसला निघताना आबा अंगणात कोसळले.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, काल काय खाल्लं होतं? मी सांगत गेले तसा त्यांचा चेहरा पडत गेला. रताळं, केळं, खजूर, शहाळं, सगळ्यात पोटॅशियम. ते रक्तात साठलं आणि हृदय थांबलं. आई बाहेर बाकावर बसली होती. तिला मी एवढंच सांगितलं की हृदय थांबलं.

आमच्या प्रश्नावलीत उपवास करणाऱ्याला जास्त गुण मिळतात. उपवासाला काय खाल्लं, हे कुणी विचारत नाही.

पुढे माझी एक सहकारीण आमच्या गावात आली आणि तिनं आईलाही प्रश्न विचारले. आईची सगळी उत्तरं 'नेहमी'. "शिवरात्र करून ग्येले, शंकरानंच न्येलं. उपाशी न्हाय ग्येले, पोटभर खाऊन ग्येले," असं वर तिला सांगितलं. रक्तदाब एकदम चांगला, झोपही शांत. सहकारीण खूश. मला म्हणाली, "बघ, श्रद्धेचा उपयोग होतो." आईची ती शांत झोप मला हवीही होती आणि तिचा रागही यायचा. मी मात्र पडून आढ्याकडे बघत राहायचे.

तिला कधीच सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण या वर्षी डाळजच्या मामाचं, आईच्या धाकट्या भावाचं, डायलिसिस सुरू झालं. महाशिवरात्रीच्या आधी आईनं बाजारातून चांगली जाडजूड रताळी निवडून आणली आणि डाळजला न्यायला पिशवी भरायला घेतली. "पथ्यानं पार वाळून ग्येलाय. शिवरात्रीला तरी दोन घास सुखानं खाईल." किती दिवसांनी ती गुणगुणत होती.

मी तिच्या हातातली पिशवी घेतली, तिला खाली बसवलं आणि डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं.

ती रडली नाही. लुगड्यावरची माती झटकत राहिली. मग म्हणाली, "मागून घ्येतली व्हती त्यांनी. आनखी वाढ म्हनले. म्या म्हनलं, खावा, देवाचं हाय."

"आई, तुला कुठं माहीत होतं?"

"तुला कवा कळलं?"

"त्याच दिवशी."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं, माझ्या गालावरून खरखरीत हात फिरवला. मला हुंदका आवरेना. तिनं मला रडू दिलं. मग म्हणाली, "मामाला फोन लाव."

मी लावला आणि तिच्या हातात दिला.

"शिवरात्रीला रताळं खाऊ नगंस. केळं न्हाय, खजूर न्हाय, शहाळं न्हाय."

मामा पलीकडून हसला. "आक्का, देवाच्या फराळाला बी पथ्य व्हय?"

"व्हय," आई म्हणाली. "तुजं दाजी त्यानंच ग्येलं. म्याच वाढलं व्हतं."