दोन हेडफोन, एक पिन

माझा मोठा भाऊ गेला त्याला आज वर्ष झालं. हेडफोनच्या वायरीवरून चाललेला आमचा वाद मात्र तसाच राहिला.

दादा मालेगावात शिक्षक होता. निवृत्तीनंतर आजाराने त्याला हॉलमधल्या पलंगावर आणलं.

त्याच हॉलमध्ये नातीचा पाळणा. म्हणजे स्पीकर बंद.

मी पुण्याहून त्याला एक चांगला म्युझिक प्लेअर आणि हेडफोन पाठवला. मग प्रश्न आला केबलचा.

बॅलन्स्ड, की साधी सिंगल-एंडेड?

फोनवर मी समजावलं. साध्या केबलमध्ये दोन्ही कानांना परतीची वायर एकच. बॅलन्स्डमध्ये प्रत्येक कानाची वेगळी. ताकद जास्त मिळते, आवाज मोकळा होतो.

"बरं," दादा म्हणाला. "अन् तुह्या वयनीचा हेडफोन कुठी लावू? तुह्या डोक्यात?"

दुपारची जेवणं झाली की ती दोघं एकच रेकॉर्डिंग ऐकायची. वहिनीचे वडील केनवडच्या देवळात भजन म्हणत, त्याचं. ते जाऊन खूप वर्षं झाली. जुन्या कॅसेटवरून दादानेच ते उतरवून घेतलं होतं.

साध्या पिनला दोन तोंडांचा जोड मिळतो. एकात दादाचा हेडफोन, दुसऱ्यात वहिनीचा. बॅलन्स्डच्या जाड पिनला तो जोड चालत नाही.

"अरे, दोन लावले की आवाज पडतो," मी म्हटलं.

"पडू दे. तिचा बाप गाऊन राह्यला, अन् मी एकटाच ऐकू काय?"

मी तरीही बॅलन्स्ड केबल कुरिअर केली.

"पोचली," त्याचा फोन आला. "मजबूत आहे. तुही वयनी म्हन्ते, कपडे वाळू घालाले कामी येइन."

मागून वहिनी म्हणाली, "मी कायले म्हनू? तुमीच म्हनून राह्यले."

"अन् आयक. हे भजन एका टेपरेकॉर्डरवर भरलेलं आहे, दोन्ही कानांत एकच आवाज. त्यात डावं-उजवं कुठून आनू?"

मी विषय बदलला. पण मी हरलो असंही म्हटलं नाही. भाऊ होतो शेवटी.

दिवाळीला गेलो तेव्हा दोघांना ऐकताना पाहिलं. डोळे मिटलेले. मधेच दादाने एक बोट वर केलं. वहिनी हसली.

"काय झालं?"

"इथं बाबा खोकलतात," ती म्हणाली. "तुमच्या दादाले आधीच समजते."

आज वर्षश्राद्धाची जेवणं उरकली. नात आता घरभर पळते, पाळणा केव्हाच माळ्यावर गेला. स्पीकर लावला तरी कोणाची झोप मोडणार नाही.

वहिनीने प्लेअर काढला. दोन तोंडांचा जोड तसाच लावलेला होता. दादाचा हेडफोन तिने माझ्या हातात दिला.

"घ्या भाऊजी. वर्ष झालं, हा रिकामाच लावून ठेवते."

मी लावला. टाळ, पेटी, मग तो थकलेला, गोड आवाज. थोडा बारीक होता, पण सगळा पोचत होता.

वहिनीने डोळे मिटले होते.

मग तिने एक बोट वर केलं.

आणि बाबा खोकले.

दादा, साधीच केबल बरोबर होती. बॅलन्स्ड मी परत नेतोय.

येतो आता. नमस्कार.