उणे टेस्ट स्टार

हिंदी मुलखातल्या गोरखपुरात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. आम्ही आठ जण. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी एक सॉफ्टवेअर बनवत होतो. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली याची नोंद ते ठेवायचं आणि जुनी प्रत मागितली की काढून द्यायचं. मोठ्या कामाचे शेकडो भाग असतात. त्यातले कोणते भाग एका गटात धरायचे, हे ग्राहकाने एका फाइलमध्ये लिहून द्यायचं. ती फाइल कशी लिहायची, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं.

माझे वडील फॅक्टरीत खरादावर, म्हणजे लेथ मशीनवर, होते. घरातला पहिला इंजिनिअर मी, आणि हुशार दिसायची मला फार हौस. मी चिन्हांची भाषा केली. अधिक म्हणजे घ्या, उणे म्हणजे वगळा. नावाच्या शेवटी स्टार दिला, की त्या अक्षरांनी सुरू होणारं सगळं आलं. दहा ओळींचं काम दोन ओळींत व्हायचं.

तपासणीचं काम एक ताई बघायच्या. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. आधी टायपिस्ट होत्या, कॉम्प्युटर मागाहून शिकल्या. आमच्यासारख्याच मराठी घरातल्या, आमच्याच बुद्धविहारात येणाऱ्या, आईच्या ओळखीच्या. ऑफिसात सगळे त्यांना दीदी म्हणत. त्या माझ्या टेबलाशी येऊन मराठीत म्हणाल्या, "हे काहून इतकं आखडून टाकलं रे? स्टारनं पाहिजे ते पण निघून जाईन, अन् कोणाले समजणार बी नाही. गटाचं नाव लिहू दे, खाली एकेका भागाचं पूर्ण नाव. नाव सापडलं नाही तर सॉफ्टवेअरनं तसं सांगावं."

सगळ्यांसमोर त्या मराठीत बोलल्या, याचीच मला आधी लाज वाटली. मी हिंदीत उत्तर दिलं, "दीदी, ये किराने की लिस्ट नहीं है." सगळे हसले. त्या जागेवर गेल्या आणि चुकांच्या यादीत त्यांनी रीतसर नोंद केली. दुसऱ्या दिवशी त्या नोंदीखाली मी लिहिलं, 'ही चूक नाही', आणि ती बंद केली.

आमचा एक ग्राहक रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी प्रोग्रॅम करायचा. त्यांच्या माणसाला चाचणीपुरता लिहिलेला कोड गटातून काढायचा होता. त्याने लिहिलं, उणे टेस्ट स्टार. रिपोर्ट छापणाऱ्या भागाचं नावही 'टेस्ट'नेच सुरू होत होतं. तोही गुपचूप निघून गेला. नवी प्रत लॅबमध्ये लागली आणि दोन दिवस तिथली माणसं रोग्यांचे रिपोर्ट हाताने लिहीत बसली.

ऑफिस चालवणाऱ्या सरांनी सगळ्यांना बोलावलं. मी म्हणालो, "टेस्टिंग में छूट गया होगा."

सर ताईंकडे वळले. "दीदी, आपने देखा नहीं था?"

"देखा था. लिखकर दिया था."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ताईंनीही पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, त्या नुसत्या वाट बघत होत्या. मी म्हणालो, "मुझे याद नहीं." यादी समोरच्याच कॉम्प्युटरवर होती. कोणी उघडली नाही.

पुढच्या आठवड्यात मी फाइलची नवी रीत केली. गटाचं नाव, खाली एकेका भागाचं पूर्ण नाव, आणि नाव सापडलं नाही तर सूचना. ग्राहक खूश झाला. सरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. ताई तेव्हा खिडकीपाशी डबा उघडत होत्या. दोन महिन्यांनी त्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला गेल्या.

त्यानंतरच्या पौर्णिमेला आई विहारातून आली. म्हणाली, "त्या ताई भेटल्या होत्या. तुह्या पोराचं डोकं लय चालते म्हणे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. त्या वह्या तपासत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. नोंद मी बंद केली होती, मला आठवत होतं, मी खोटं बोललो.

"मले माहीत हाये," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी पाहून राहिली होती, आता बोलशीन म्हणून." मग पेन खाली ठेवून विचारलं, "सरांले सांगितलं?"

"नाही."

"मग मले काहून सांगून राहिला?"

त्यांनी पाणी दिलं, मी प्यालो आणि निघालो.

सकाळी सरांना सांगितलं. ते फोन बघत म्हणाले, "अरे छोड़ो यार, पुरानी बात है." मी म्हणालो, मला सगळ्यांसमोर सांगायचंय. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण अडवलं नाही. मी सांगितलं. कोणी हसलं नाही, कोणी काही विचारलंही नाही, पाच मिनिटांत सगळे कामाला लागले. मी ती जुनी नोंद उघडली आणि खाली लिहिलं, 'चूक बरोबर दाखवली होती. नवी रीत ताईंचीच.'

मग ताईंना फोन केला. त्या "अच्छा" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चल, वर्गात जायचं हाये," आणि फोन ठेवला. त्यांना बरं वाटलं की नाही, ते मला कळलं नाही. विचारायचा हक्कही मला नव्हता.