गेटवरचे चेहरे पाहून निवडलेली शाळा

मी एकदा पोरीसाठी शाळा चेहरे पाहून निवडली, स्थळ पाहावं तशी. नातीला हे सांगितलं की ती लोळून हसते. भिलाईतल्या एका मोठ्या शाळेच्या गेटवर बोर्डाच्या परीक्षेत झळकलेल्यांचे फोटो टांगले होते. मी रिक्षातून उतरायच्या आधीच आपल्या पोरीचा फोटो कोणत्या कोपऱ्यात शोभेल, तेही ठरवून मोकळी झाले. इतकी हुशार होते मी!

पोरगी तेव्हा कोहका वस्तीतल्या लहानशा शाळेत होती. तिथला निकाल बेताचाच. पण त्या शाळेत गेली तेव्हा तिला दोन अक्षरं जोडता येत नव्हती, आणि आता रस्त्यानं चालताना दुकानांच्या पाट्या वाचायची. अडखळायची, पण एक सोडायची नाही. हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. मला मात्र दिसत होते फक्त पर्सेंट.

नवरा स्टील प्लांटात कामाला. तो म्हणाला, "चांगली शिकून राहिली ना थे? मंग कावून काढतं तिले?"

"तुम्ही प्लांटातलं लोखंड पाहा," मी म्हटलं.

नव्या शाळेत तिला कोणी वाचायला उभंच केलं नाही. शेवटच्या बाकावर बसून बसून ती घरीही गप्प झाली. नववी संपताना प्राचार्यांनी मला बोलावलं, थंड पाण्याचा ग्लास पुढे केला आणि गोड आवाजात म्हणाले, "टीसी ले जाइए. दसवीं में हमारा रिज़ल्ट बिगड़ेगा."

तेव्हा कळलं, गेटवरचं पीक इतकं साफ कसं. निंदण करून, कच्ची रोपं आधीच उपटून!

दहावीच्या तोंडावर दुसरं कोण घेणार? तसंच तिला घेऊन कोहका गाठलं. तिथल्या मोठ्या बाई आमच्या नागपूरकडच्या. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. पोरीपुढे पुस्तक उघडलं, नीट ऐकू यावं म्हणून पंखा बंद केला.

"वाच."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, आवाज नाही. इथंही नाही म्हणाल्या तर पोरगी घरीच बसणार होती. न राहवून पहिला शब्द मीच पुटपुटले. पोरीनं पुस्तक मिटलं.

मोठ्या बाईंनी ते पुन्हा उघडलं, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "पोरगी राहीन इथंच, ताई. जिथं अडकली तिथून धरू. तुमी मात्र बाहेर जाऊन बसा, तुमाले पाहून तिचा आवाज बसते."