बाराव्या नावाचा घोळ

जिल्ह्याचा मुलींचा बास्केटबॉल संघ निवडायला आम्ही तिघं बसलो होतो. अकरा नावांवर आमचं पाऊण तासात एकमत झालं, पण बारावं नाव काही ठरेना. चहा दोनदा येऊन गेला. तिघांतली एक मी, औंढ्याच्या एका शाळेत खेळ शिकवणारी. दुसरे कळमनुरीकडचे निवृत्त क्रीडाशिक्षक, त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. तिसरा हिंगोलीचा तरुण शिक्षक, मैदानापेक्षा मोबाइलमधल्या गुणांकडे जास्त बघणारा. दर वर्षी ही निवड हिंगोलीला होते. यंदा तिथलं मैदान मिळालं नाही, म्हणून सगळ्या मुली आमच्या शाळेच्या मैदानावर आल्या होत्या.

बाराव्या जागेसाठी दोघी होत्या. एक सेनगावची, उंच, नेम चांगला. तिने त्या सकाळी भरपूर बास्केट केले. दुसरी माझीच विद्यार्थिनी. वडिलांचं मंदिराच्या रस्त्यावर बांगड्यांचं दुकान, पोरगी बारावीत, म्हणजे वयाच्या नियमाने ही तिची शेवटची संधी. तिने अख्ख्या सकाळीत एकच बास्केट केला. पण दुसऱ्या कुणाचा नेम चुकून चेंडू रिंगवरून उडाला की तो हिच्याच हातात पडायचा, आणि लगेच ती तो मोकळ्या मुलीकडे द्यायची. ती ज्या बाजूने खेळली ती बाजू जिंकली. आम्ही तिला दुसऱ्या बाजूला घातलं, तर ती बाजू जिंकायला लागली.

गुरुजी खूश होते. "बॉल कुठंबी उडू द्या, पोरगी आधीच तिथं उभी. असं डोकं शिकवून येत न्हाई. घ्या तिला."

तरुण शिक्षक हसला. "मॅडम, तुमच्या दोन्ही रिंगा उजवीकडं झुकल्यात. चुकलेला बॉल दरवेळी एकाच कोपऱ्यात येऊन राहिला. पोरीला रिंग पाठ आहे, दुसरं काय? बाहेरगावी सरळ रिंगवर ती काय करंल?"

मी तरातरा मैदानावर गेले आणि रिंगखाली उभी राहून वर पाहिलं. खरंच झुकली होती. पोरं लोंबकळून लोंबकळून वाकली असणार. इतकी वर्षं मी तिच्याखाली शिट्टी वाजवतेय, आणि हे बाहेरच्या माणसाने एका सकाळी येऊन मला सांगावं! मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा.

पण त्यानंतर माझं डोकंच चालेना. पोरीला खेळ कळतो, की फक्त आमची रिंग कळते? बरं, वाकडी रिंग तर माझ्या सगळ्याच मुलींच्या वाट्याला आली होती, मग एवढी एकटीच कशी शिकली? तिचं नाव घ्यावं तर 'मॅडमनी घरचीच पोरगी घुसवली' असं जिल्हाभर होणार. नाही घ्यावं, तर ते न्यायाने की लोकांच्या तोंडाला घाबरून? इकडे आड, तिकडे विहीर. गुरुजींचं मत एकीला, तरुणाचं दुसरीला, म्हणजे निकाल माझ्यावर येऊन पडला होता, आणि मी आपली तळ्यात-मळ्यात करत उभी.

माझी विद्यार्थिनी नळावर बाटली भरत होती. मला काही सुचेना, तेव्हा मी तिलाच बोलावलं आणि नको तो प्रश्न विचारला. "खरं सांग, बाहेरच्या मैदानावर तुला असंच खेळता येईल का गं?"

तिने थोडा विचार केला. "काय म्हाईत, मॅडम. मी आपल्या रिंगशिवाय दुसरीकडं कधी खेळलेच न्हाई."

"म्हणजे? हिंगोलीला सामन्यांना—"

"जीपमदी जागा कुठं राहायची? आठ जणी झाल्या का तुमी म्हणायच्या, बाकीच्या घरी जा."

तक्रारीचा सूर नव्हता तिचा. तिने विचारलेल्याचं उत्तर दिलं, एवढंच. जीपमध्ये कोण बसणार ते मी ठरवायची, आणि बास्केट करणाऱ्या आठ जणी आधी बसवायची. सलग तीन वर्षं ती पोरगी शाळेच्या फाटकापर्यंत येऊन परत गेली होती आणि मला त्याची आठवणसुद्धा नव्हती.

मी खोलीत आले आणि बारावं नाव तिचं लिहिलं. गुरुजींनी मान डोलावली. तरुण शिक्षकाने मोबाइल खिशात घातला आणि म्हणाला, "तुमची मर्जी." मला ते झोंबलं, कारण ती माझी मर्जी होती की माझ्या चुकीची भरपाई, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. आजही येत नाही. ती लायक होती, असं मला दिवसातून दोनदा वाटतं आणि दोनदा वाटत नाही.

यादी वाचून झाल्यावर मुली पांगल्या. सेनगावची एकटी मागे राहिली. खांद्याला बॅग अडकवून ती माझ्यापाशी आली, डोळे भरलेले, पण आवाज सरळ. "मॅडम, माझं काय कमी पडलं? पुढच्या वर्षी तेवढंच करून येते."

"काहीच कमी पडलं नाही बाळा," मी म्हणाले, आणि ते खरं होतं.