पारीखालच्या सुईचोची

कुणाची स्तुती करणं मला जमत नाही. भाजी चांगली झाली तर मी मुकाट्याने जेवतो, मीठ कमी पडलं तरच तोंड उघडतो. भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हा मी तिथे हजेरी बाबू होतो. हातात मस्टर आणि नाकावर राग. हजारो माणसांची नावं लिहिली, शेकडोंची कापली. त्या सगळ्यांत जिच्यासमोर मी आजही उठून उभा राहीन अशी एकच बाई होती, भागाबाई. रोजंदारीवरची रेजा, डोक्यावरच्या टोपल्यात माती वाहणारी.

ती भंडाऱ्याकडची, साकोलीच्या बाजूची. तो मुलूखच तलावांचा. तिचा बाप गावच्या तलावाची पाळ राखायचा. पाळीला ते लोक पार म्हणतात. बाप गेला, नवऱ्याची शेती पोटाला पुरेना, म्हणून नवराबायको भिलाईला आले. नवरा फकिरा कारखान्यात खलाशी, म्हणजे अवजड सामान उचलणारा मजूर, लागला आणि ही माझ्या मस्टरवर आली. अंगाने काटकुळी, आवाज मात्र असा की पाळीच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाला ऐकू यावी.

१९५८ सालची गोष्ट. बांधकामाच्या कॅम्पला पाणी हवं, म्हणून एका ठेकेदाराने सोनझिरी नावाच्या जुन्या तलावाची पाळ दीड पुरुष उंच केली होती. पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला. पाळीचा बाहेरचा उतार अजून उघडा होता. माती वाहून जाऊ नये म्हणून त्यावर हरळीची ढेकळं लावायचं काम पंचवीस बायकांना दिलं होतं, आणि त्यांच्यावर मी. पाळीच्या खाली दोनशे पावलांवर आमच्याच मजुरांच्या चाळीस झोपड्या होत्या. दिवसा तिथे एक म्हातारी आणि सगळ्या रेजांची लहान पोरं असत. भागाबाईची झोपडीही त्यांतलीच.

तिचा एकच गुन्हा होता. ती थांबायची. टोपलं डोक्यावर, मान तलावाकडे, आणि बाई जागच्या जागी खिळलेली. मी खालून ओरडायचो, “बाई, पगार काय बदकं मोजायचा मिळतो तुला?”

“मोजून नाही राहिली, बाबू. पाहून राहिली.”

दसऱ्याच्या आसपास ओल्या काठावर शेपटी नाचवणारे धोबी पक्षी आले, तेव्हा तिने सांगितलं की आता महिन्याभरात मोठी मंडळी येतील. आणि दिवाळी झाली तशी आलीही. एका सकाळी पाहतो तो तलावाचा मधला भाग काळा पडलेला, शेकडो बदकांनी. भागाबाईने त्यांना आपली नावं दिली होती. टोकदार शेपटीची ती लांबशेपट्या. चपटी, रुंद चोच पाण्यावरून फिरवणारे ते फावड्या. मातीत लांब चोच खुपसणारी, गवताच्या रंगाची, शोधून न दिसणारी ती सुईचोच. पुस्तकात तिला पाणलावा म्हणतात हे मला फार पुढे कळलं. ही पाखरं येतात कुठून, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, “मले काय मालूम? थंडीच्या मुलखातून येत असतीन, आपले रशियन सायेब येतात तसे.”

पण तिचं पाहणं नुसतं कौतुकाचं नव्हतं. शेपटी वर करून डोकं बुडवणारी बदकं जिथे बसतात तिथे पाणी हातभर, आणि बुडी मारून दिसेनाशी होतात तिथे पुरुषभर, असं ती बिनदिक्कत सांगायची. मी खोटं पाडायला म्हणून दोन ठिकाणी बांबू बुडवून पाहिला. दोन्ही ठिकाणी तीच बरोबर निघाली. मी तिला तसं सांगितलं नाही. माझा स्वभावच तसा.

दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांनी, सकाळची हजेरी घेऊन मी चहाचा पहिला घोट घेतो न घेतो, तोच ती समोर उभी राहिली. टोपलं कुठेतरी टाकून आली होती.

“बाबू, सुईचोची पारीखाली उतरल्या. सात-आठ हायेत.”

“मग? त्यांची हजेरी लावू?”

“कोरड्या बाजूनं उतरल्या, बाबू. तलाव सोडून. सुईचोच बोटभर माती भोसकून किडा काढते. तिले आतून मऊ जमीन लागते. पारीखाली जमीन मऊ कावून झाली?”

“कावून म्हणजे? रोज हरळीवर शंभर घागरी ओतता ना तुम्ही!”

“तिथं आपण हरळी लावलीच नाही आजून. बरंच पुढं हाये ते. तिथं कोनी घागर ओतली नाही.”

आता सांगायला लाज वाटते, पण सांगतो. बायका हातातली कामं सोडून ऐकत होत्या, आणि एक रेजा मला चारचौघांत शिकवते आहे याचंच मला जास्त लागलं. मी तरातरा तिथे गेलो, एक ढेकूळ उचललं आणि गवतात भिरकावलं. सात-आठ पाखरं घोगरा आवाज करत, वाकडीतिकडी वळणं घेत उडाली आणि तलावापलीकडे गेली. “झालं?” मी म्हणालो. “गेल्या तुझ्या सुईचोची. आता कामाला लाग, नाहीतर संध्याकाळी नाव कापतो.” सगळ्या बायका हसल्या. हसणारच, हजेरी बाबूच्या विनोदाला कोण हसत नाही?

भागाबाई हसली नाही, कामालाही लागली नाही. ती सरळ कॅम्पच्या रस्त्याला लागली. ओव्हरसियर कृष्णराव यांच्या तंबूपर्यंत दोन मैल चालत गेली आणि तासाभराने त्यांच्या जीपमध्ये मागे बसून आली. रोजंदारीची रेजा ओव्हरसियरला जीपमधून घेऊन येते, हे भिलाईत त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

कृष्णराव चांगले होते, पण कामात बुडालेले. जीपमधून उतरतानाच ते वैतागले होते. “कुठायत पक्षी?”

पक्षी कुठले असायला? मीच उडवले होते. पाळ पाव मैल लांब, खाली गुडघाभर गवत, सगळीकडे सारखंच. आणि ढेकूळ नक्की कुठे मारलं ते मलाही नीट सांगता येईना. कृष्णरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “शामराव, हिचं काही खरं निघालं नाही तर आजच नाव कापा. माझी सकाळ फुकट गेली.”

मी मस्टर उघडलंदेखील.

भागाबाई मात्र गुडघ्यावर बसली. मग हातांवर आली. दोन्ही हातांनी गवत बाजूला करत, जमिनीला नाक लागेल इतकी वाकून ती रांगत पुढे सरकू लागली. बायका पुन्हा हसायला लागल्या. एकीने तर तिला घोडी म्हटलं. ती ऐकत होती, ऐकू न येण्याइतकी लांब नव्हती. पण थांबली नाही. पंधरा-वीस हात गेल्यावर तिने हाताने बोलावलं. ओलसर मातीत दाभणाने टोचल्यासारखी बारीक भोकं होती, एकाशेजारी एक, आणि बाजूला पाखरांची पांढरी विष्ठा.

“इथं खंदा,” ती म्हणाली.

कुदळीचे पाच-सहा घाव बसले आणि खड्ड्यात पाणी जमू लागलं. मी मस्टर मिटलं. कृष्णराव मात्र शांत होते. म्हणाले, “नवी पाळ आहे. थोडं पाणी पाझरतंच. पुस्तकातच लिहिलं आहे.”

“बरोबर हाये सायेब,” भागाबाई म्हणाली. “पारीले घाम येते. माहा बाप मने, घामाले भेऊ नोको. निरं पाणी आलं तं तो पारीचा घाम. गढूळ आलं तं पार आतून माती सोडून राहिली. पहिलं पाणी कुदळीनं गढूळ होते, ते उपसून फेका. मंग लोट्यात घेऊन पाहा.”

खड्डा उपसला. पुन्हा भरला. पुन्हा उपसला. तिसऱ्यांदा कृष्णरावांनी स्वतः माझ्या चहाच्या पेल्यात पाणी धरलं आणि उन्हाकडे करून पाहिलं. ते चहाच्याच रंगाचं होतं. पेला खाली ठेवला तसा तळाशी पाळीचा पिवळा मुरूम बसत गेला.

कृष्णरावांनी टोपी काढली आणि झोपड्यांकडे पाहिलं. मग मला म्हणाले, “शामराव, पोरं काढा आधी.”

दुपार व्हायच्या आत चाळीस झोपड्या रिकाम्या झाल्या. मघाशी हसणाऱ्या बायका काखेत पोर आणि डोक्यावर भांडी घेऊन टेकाडाकडे पळत होत्या. कृष्णरावांनी तलावाचं दार पूर्ण उघडलं आणि दुसऱ्या टोकाला सांडव्याची भिंत फोडून पाणी नाल्यात सोडलं. दोन दिवस पाणी उतरत होतं. तिसऱ्या दिवशी पाळीचा आतला उतार उघडा पडला आणि भोक दिसलं. पाळ चढवताना ठेकेदाराच्या माणसांनी बाभळीचं एक आख्खं खोड मातीत तसंच गाडलं होतं. त्याच्या कडेने पाण्याने वाट केली होती. मदतीला बोलावलेला फकिरा त्यात कमरेपर्यंत आत गेला आणि म्हणाला, “आजून जागा हाये.” कृष्णराव म्हणाले की पाळ आणखी तीन-चार दिवस टिकली असती, फार तर.

सगळे फकिराभोवती जमले होते. भागाबाई एकटी पाळीवर होती. मी वर गेलो. तलावात मध्ये थोडं डबकं आणि बाकी चिखल उरला होता. बदकांचे थवे उठत होते, एक फेरी घालत होते आणि उत्तरेकडे नाही, दक्षिणेकडे निघून जात होते. ती रडत होती. लपवत नव्हती.

“पाणी सोडलं तं पाखरं जातीन, हे मले मालूमच होतं,” ती म्हणाली. “आता ह्या साली नाही येनार.” पदराने नाक पुसलं आणि खाली उतरून माती वाहायला लागली. मला त्या क्षणी ती बाई इतकी मोठी वाटली की तिच्या डोक्यावरचं टोपलं घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही.

आता यापुढचं. वर पाठवायचा अहवाल कृष्णरावांनी मला लिहायला सांगितला, कारण माझं अक्षर चांगलं. पाखरांचं लिहिलं तर वरचे साहेब हसतील, म्हणून ते मी गाळलं. पाखरं गाळली की भागाबाईला ते कळलं कसं हे सांगता येईना, म्हणून तीही गाळली. मग गळती पाहिली कुणी? “कामावरील कर्मचारी शामराव यांच्या नेहमीच्या पाहणीत पाळीखाली ओल आढळली.” कृष्णरावांना रात्रंदिवस कामं होती, त्यांनी न वाचताच सही केली असावी. उन्हाळ्यात मी कायम झालो. क्वार्टर मिळालं. भागाबाई रोजंदारीवरच राहिली.

तीन वर्षं मी तिला टाळलं. १९६१च्या कार्तिकात एका रविवारी तलावावर गेलो, तेव्हा ती पाळीवर बसली होती. बदकं पुन्हा आली होती, पूर्वीपेक्षा जास्त. तिने मला जवळ बसवलं आणि नवीन आलेली एक जात बोटाने दाखवली. ते मला सहन होईना. मी सगळं सांगून टाकलं. अहवाल, माझं नाव, नोकरी, क्वार्टर.

मला वाटलं, ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“माहं नाव नाही लिवलं, ते जाऊ द्या,” ती म्हणाली. “पन पाखरायचं कावून नाही लिवलं? पुढच्या बाबूले मालूम झालं असतं, पारीखाली सुईचोच उतरली तं खंदून पाहा लागते.”

“साहेब हसले असते, बाई.”

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. “मले हासले न्हवते का? तुमीच पयले हासले. तरी मी गेली. तुमाले कोनी हासन म्हून तुमी कागदावर बी नाही गेले?”

मी उठून घरी आलो. त्यानंतर तेवीस वर्षं नोकरी केली, पण तो कागद दुरुस्त केला नाही. हिंमत झाली नाही. भागाबाईला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. सोनझिरीची गळती पाणलाव्यांनी दाखवली आणि भागाबाईने ओळखली. मी फक्त ढेकूळ मारलं. आता ज्याला हसायचं असेल त्याने हसावं.